टाक्याच्या काठावरची अक्षरं

आचार्य, तुम्ही पाणी चोरलंत. घागर-कळशी नव्हे, एका आख्ख्या वस्तीचं पाणी चोरलंत. तेही दिवसाढवळ्या, वाजतगाजत, गळ्यात हार घालून घेऊन. भुरट्या चोराला निदान पळावं तरी लागतं. तुम्ही चोरी केलीत आणि लोक तुमच्या पाया पडले, कारण तुमच्या हातात पहार नव्हती, इतिहास होता. तुमचं नाव इथं येणार नाही. तुमच्या नावाला कोण विचारतो? विचारतात ते तुमच्या पदवीला, आणि जे झालं ते त्या पदवीच्या आडूनच झालं. कसं झालं ते लोकांनी ऐकावं.

कडेगावच्या बाजूला कातळवाडी म्हणून गाव आहे. साल एकोणीसशे पंचेचाळीस, पाडव्याचा दिवस. घरोघर गुढ्या उभ्या, पण घरात माणूस नाही. सगळं गाव टेकडीवरच्या लेण्यापुढं लोटलेलं. लेणं म्हणजे कातळात कोरलेल्या काळोख्या खोल्या, मधल्या खोलीत पुरुषभर उंचीचा दगडी घुमट, आणि बाहेरच्या अंगणात खडकातच खोदलेलं पाण्याचं टाकं. घुमटाला लोक घुमटोबा म्हणत. म्हैस व्याली की खरवसाचा पहिला घास घुमटोबाला. तो कोण, कुठला, हे कुणी त्याला विचारलं नव्हतं. त्यानंही कधी कुणाची जात विचारली नव्हती.

आज मात्र विचारपूस व्हायची होती.

गर्दीच्या कडेला शाळेच्या विनोदिनीबाई उभ्या होत्या. त्या वाईच्या. वडील घाटाजवळ मुलांना संस्कृत शिकवीत. ते गेल्यावर बाईंनी लोकल बोर्डाची नोकरी धरली आणि या गावी आल्या. शाळेला इमारत नव्हती, ती मारुतीच्या देवळात भरे. आज टाक्याच्या काठावर रेशमी उपरणं सावरत उभे असलेले आचार्य बाईंना नवे नव्हते. ते त्यांच्या वडिलांचेच शिष्य. लहानग्या विनूला खांद्यावर बसवून त्यांनी कृष्णेचा उत्सव दाखवला होता. आता ते सांगलीच्या एका संशोधन मंडळाचे अध्यक्ष होते, आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानली जाई.

"बंधूंनो!" आचार्यांनी हात वर केला. "तुम्ही ज्या मातीवर उभे आहात ती पाच हजार वर्षांपूर्वी मांडव्य ऋषींच्या पायांनी पवित्र झालेली आहे! साहेब लोक सांगतात, हे बौद्ध भिक्षूंचं लेणं. का सांगतात? तुमचे पूर्वज कोण हे तुम्हाला कळू नये म्हणून! भिक्षू मागाहून आले. त्या नास्तिकांनी ऋषींचा आश्रम बळकावला. हा घुमटोबा नव्हे, यज्ञमंडपाचा कळस आहे! आणि हे टाकं? इथं ऋषींची विमानं उतरत असत!"

माणसं माना डोलावू लागली. तेवढ्यात मागून आवाज आला, "मंजी आचार्य, इमानाला पानी पाजायचं टाकं म्हना की ह्ये!"

तो जोतिबा. आफ्रिकेच्या आघाडीवर लष्कराच्या लाऱ्या हाकून, पाय अधू करून घेऊन नुकताच परतलेला.

"न्हाई, लारीला बी पानी लागतंयच," जोतिबा पुढं म्हणाला. "पर पेट्रोल कुटं ठेवत हुतं ऋषी?"

लोक हसले. आचार्यही हसले, पण दात न दाखवता. "ती विमानं मंत्रशक्तीवर चालत."

"मंग मंत्राच्या इमानाला टाकं कशाला वो?"

"जोत्या, गप रं!" हंबीरराव पाटील गरजले. "पाय लंगडा झाला तरी जीभ पळतीयाच तुजी."

आचार्यांनी खूण केली. चांदीच्या तबकात भस्म आलं. ते हिमालयातल्या कुठल्याशा अखंड होमकुंडातलं होतं म्हणे. आचार्य टाक्याच्या काठाशी गुडघ्यावर बसले. काठाचा काळाकुळकुळीत कातळ रोजच्या वापरानं गुळगुळीत झालेला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, चिमूटभर भस्म दगडावर टाकलं आणि रेशमी फडक्यानं हलकेच फिरवलं.

आणि कोऱ्या दगडावर अक्षरं उमटली.

पांढरीशुभ्र, वळणदार, अनोळखी. एकामागून एक, काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बायकांनी कानशिलांवर कडाकड बोटं मोडून दृष्ट काढली. एक म्हातारा मोठ्यानं रडायला लागला. "मांडव्य महाराज की" अशी कुणीतरी आरोळी दिली आणि सगळ्या टेकडीनं जय म्हटलं.

"ही देवलिपी," आचार्य म्हणाले. "आज पृथ्वीच्या पाठीवर ही फक्त आमच्या मंडळात वाचता येते." मग त्यांनी वाचलं, आधी संस्कृतात, मग मराठीत. "हे मांडव्य ऋषींच्या आश्रमाचं पुण्यजल. पतितांनी यास स्पर्श करू नये."

लिपी ठरवणारे तेच, वाचणारे तेच, अर्थ सांगणारेही तेच. ऋषींनी बिचाऱ्यांनी पाच हजार वर्षं तोंड मिटून काढली, आणि उघडलं ते नेमकं आचार्यांच्या तोंडानं!

विनोदिनीबाई पुढं झाल्या. "आचार्य, अक्षरं दगडात कोरलेली असतील तर ती भस्माशिवायही हाताला लागायला हवीत ना?"

"विनू, तू अजून तश्शीच आहेस गं," आचार्य मायेनं म्हणाले. "दिव्य लेखन दिव्य द्रव्यानंच दिसायचं." त्यांनी फडकं ओलं केलं, घासून अक्षरं पुसली आणि दगडाला नमस्कार केला. "ऋषींना पुन्हा विश्रांती घेऊ द्या."

चार दिवसांत माधवनगरहून लोखंडी फाटक ओतवून आलं. टाक्याभोवती तारेचं कुंपण पडलं, फाटकाला कुलूप लागलं आणि किल्ली पाटलांच्या करगोट्याला.

आता ते टाकं कोण वापरत होतं ते सांगायला हवं. गावाला गावाची विहीर होती. त्या विहिरीवर महारवाड्याला मज्जाव. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या महारवाड्यातल्या बायका टेकडी चढून टाक्यावर येत, दोरानं पाणी शेंदत आणि डोक्यावर घागरी घेऊन उतरत. गावातल्या कुणाला तिकडं चढायची गरज नव्हती, म्हणून कुणाची हरकतही नव्हती. आता हरकत निघाली, आणि तीही पाच हजार वर्षांपूर्वीची.

राहीबाई दुपारच्या वेळी शाळेपाशी आली. देवळाच्या पायरीला शिवायचं नाही म्हणून लांब उन्हात उभी राहिली. बाईच खाली उतरल्या.

"मास्तरीणबाई, तुमी शिकल्याल्या. त्या दगडावर आमचं नाव हाय म्हनं. काय लिवलंय त्येवडं सांगा."

"नाव नाही, राहीबाई. पतित म्हटलंय."

"म्हंजी?"

"म्हणजे... पडलेले."

"आमी कुटं पडलो? रोज उभ्यानं पानी शेंदतोय की!" राहीबाईनं घाम पुसला. "आवं, ओढ्यात झिरा खनलाय. त्यात म्हशी बी बसत्यात नि आमी बी वाटीवाटीनं पानी काडतोय. माजी सून, अंजना, बाळंतीण हाय. पोराला कालपासनं हगवण लागलीया. ऋषीला म्हनावं, बाबा, तू लय मोटा, तुला पाच हजार वर्सं तान लागली न्हाई. ह्या पोराला लागतीया."

बाई तडक पाटलांच्या वाड्यावर गेल्या. हंबीरराव ओसरीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. नव्वद बिघे ऊस, मुलगा पलटणीत, मिशीला तूप. माणूस वाईट नव्हता.

"बसा बाई. तुमी वाईच्या, तुमाला ह्यातलं कळतंय. आचार्य म्हनले, तुमचं घरानं आश्रमाचं राखनदार. पाच हजार वर्सांपासनं!"

"आणि तुम्हाला पटलं?"

"पटाय काय झालं? बाई, गावकीत भांडान झालं की जो तो म्हनायचा, गप रं, तुजा आजा मानदेशातनं दुष्काळात आल्याला उपरा. माज्या बानं ऐकलं, मी ऐकलं. आता म्हना म्हनावं!"

बाईंच्या ध्यानात आलं. हा माणूस इतिहास विकत घेत नव्हता, औषध घेत होता. ठणकणाऱ्या जागी आचार्यांनी अंगारा लावला होता. प्रत्येक गावात असं ठणकणारं एखादं माणूस असतं, आणि असल्या आचार्यांना ते अचूक सापडतं.

"आणि राहीबाईच्या वस्तीनं काय प्यायचं?"

"झिरा हाय की. बाई, शास्तर हाय त्ये. मी आडानी मानूस, मी काय करनार?"

"अडाणी माणसानं मग कुलपाची किल्ली कशाला घ्यावी?"

हंबीररावांचा अडकित्ता थांबला. पण किल्ली करगोट्यालाच राहिली.

शनिवारी सकाळची शाळा. शनिवार म्हणजे मारुतीचा वार, म्हणून गुरवाची साळूबाई देवळातच एका कोपऱ्यात रुईच्या पानांची माळ ओवत बसलेली. पान खुडलं की देठातून पांढरा चीक टपकतो. जवळच पोरांच्या पाट्यांची चळत होती. वरच्या पाटीवर चीक टपकला, वाळला, दिसेनासा झाला. थोड्या वेळानं ती पाटी बाईंच्या हातात आली. ती धुळीनं माखलेल्या फडक्यानं त्यांनी पुसली, आणि पुसता पुसता हात थबकला. काळ्या पाटीवर पांढरे ठिपके उमटले होते. पुन्हा पुसलं. ठिपके आणखी पांढरे झाले.

"साळूबाई, हे काय गं?"

"चीक हाय त्यो, बाई. वाळला तरी चिकाट ऱ्हातोय. धूळ धरून बसतोय मेला. माज्या लुगड्याचं बघा की कसं झालंय!"

बाई गणित शिकवायला उभ्या राहिल्या, पण त्या दिवशी पाढे पोरांनीच म्हटले. शाळा सुटल्यावर त्यांनी साळूबाईकडून रुईची दोन पानं मागून घेतली, घरी जाऊन परसातल्या दगडी पाट्यावर काडीनं स्वतःचं नाव लिहिलं आणि वाळू दिलं. पाटा कोराच दिसत होता. मग चुलीतली राख टाकून फडकं फिरवलं. "विनोदिनी" पांढरं फटक उमटलं. ना हिमालय, ना होमकुंड. घरची चूल आणि उकिरड्यावरची रुई!

एवढ्यावर त्यांनी गावात हाकाटी केली नाही. आचार्य म्हणाले असते, तुझी अक्षरं चिकाची, ऋषींची दिव्य. म्हणून त्या भर दुपारी टेकडीवर गेल्या. फाटकावर पाटलांनी राखणदार बसवला होता, दुसरी किल्ली त्याच्याकडं. त्यानं त्यांना आत सोडलं. त्या पतित नव्हत्या ना! त्यांनी काठावर थोडी राख फिरवली, अक्षरं जागी केली आणि आडव्या होऊन दगडाला डोळा लावून पाहिलं.

काठावर खाचा होत्या. शेकडो वर्षं शेंदून शेंदून दोरानं कातळाला पाडलेल्या, बोट बुडेल एवढ्या खोल. आणि अक्षरांची ओळ त्या खाचांमध्ये उतरत होती, तळापर्यंत जात होती, आणि पलीकडच्या बाजूनं वर चढून पुढं चालू लागत होती. एकही अक्षर झिजलं नव्हतं.

बाई उठून बसल्या. त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच मस्तकात तिडीक गेली. अक्षरं आधीची असती तर दोरानं दगडाबरोबर तीही खाल्ली असती. खाचेच्या तळाशी अक्षर आहे याचा अर्थ, आधी दोर, मग अक्षर. आधी राहीबाईच्या आजेसासूच्या आजेसासूचं पाणी, मग आचार्यांचे ऋषी! पाण्यावर हक्क सांगायचा म्हणून अक्षरं पाण्याच्या काठावरच हवी होती. ती हाव नडली. चार हात पलीकडं सपाट खडकावर लिहिलं असतं तर कोण पकडणार होतं? बाईंनी ओल्या फडक्यानं अक्षरं पुन्हा पुसून टाकली.

अक्षय्यतृतीयेला मोठा समारंभ ठरला होता. सांगलीची बडी मंडळी येणार, स्थानाला तीर्थक्षेत्र म्हणून जाहीर करणार. आदल्या दिवशी संध्याकाळी बाई जोतिबाला म्हणाल्या, "जोतिबा, उद्या मला तुमची जीभ हवी."

"पाय मागितला असता तर आडचन हुती बाई. जीभ किती बी न्या."

अक्षय्यतृतीयेला टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. फोटो काढणारा आला होता. गावकरी आत आल्यावर फाटकाला पुन्हा कुलूप लागलं होतं. तारेच्या कुंपणाबाहेर, लांब, महारवाड्यातली माणसं उभी होती. त्यांना पाहायला बंदी नव्हती. आचार्यांनी पुन्हा भस्म टाकलं, अक्षरं पुन्हा उमटली, जयजयकार झाला. तो ओसरायच्या आत विनोदिनीबाई काठाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आचार्य, एक शंका आहे. या खाचा कशाच्या?"

"असतील कशाच्याही. काळाच्या."

"दोराच्या वो!" कुंपणापलीकडून राहीबाई ओरडली. "आमच्या दोराच्या!"

"अक्षरं या खाचांच्या तळाशीसुद्धा आहेत," बाई म्हणाल्या. "पाटील, इकडं या, बोट घालून बघा. दोरानं एवढा कातळ खाल्ला आणि अक्षर तेवढं खाल्लं नाही. मग आधी काय झालं?"

हंबीरराव वाकले. त्यांनी बोट घातलं. बोट काढलं आणि चोळून पाहिलं. ते चिकटत होतं.

आचार्यांचा आवाज मात्र जरासुद्धा हलला नाही. मुरलेला माणूस! "बंधूंनो, ही अक्षरं स्वयंभू आहेत. दगड झिजतो तशी ती खाली सरकतात. दिव्य अक्षराला क्षय नाही, म्हणून तर त्याला अक्षर म्हणतात!"

टाळ्या पडल्या. लोक किती सोपे असतात पाहा. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं खोटं लावलं की त्यांना इमारत पुरी झाल्यासारखी वाटते.

"बरं," बाई म्हणाल्या. "हे भस्म दुसऱ्या दगडाला लावलं तर?"

"नुसता दगड पांढरा होईल."

"हा पलीकडचा खडक घेऊ? ज्यावर तुमची खुर्ची आहे तो?"

आचार्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा पोरखेळ नव्हे."

"खेळ असू दे की वो!" जोतिबा काठी टेकत पुढं आला. "ऋषी काय एकाच दगडावर लिवून ऱ्हायला असंल? पाच हजार वर्सं बसून हुता म्हनता. उटा जरा, खुर्ची सरकवा." गर्दीत हशा पिकला, आणि आचार्यांना उठावंच लागलं. जोतिबानं तबकातलं भस्म मूठभर उचललं, खडकावर फेकलं आणि डोक्याचा पटका सोडून त्यानंच खसाखसा पुसलं.

अक्षरं उमटली. तितकीच पांढरी. पण ती देवलिपी नव्हती. शाळेतल्या बाईंच्या वळणाची, ठसठशीत बाळबोध अक्षरं. चौथीतल्या पोरांनीसुद्धा ती एका सुरात मोठ्यानं वाचली:

"पाटील, फाटक उघडा."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसण्याची लाट खालच्या चिंचेपर्यंत गेली.

"आचार्य, ऋषीनं पाटलास्नी निरोप धाडलाय!" जोतिबा म्हणाला. "लय जुनी ओळख दिसतीया!"

"हे काल संध्याकाळी मी लिहिलं," बाई म्हणाल्या. त्यांनी पदराआडची रुईची फांदी वर धरली, एक पान खुडलं, चीक टपकला. "यानं. मारुतीला दर शनिवारी घालतो त्या रुईच्या चिकानं. वाळला की दिसत नाही आणि राख धरून ठेवतो. हिमालयाचं भस्म नको, चुलीतली राख पुरते. कुणीही घरी जाऊन पाट्यावर लिहून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, आचार्यांवर ठेवू नका, हातानं करून बघा."

साळूबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बया! माज्या लुगड्यावर बी ऋषीच लिवत हुता की गं!"

आता एखादा साधा बुवा असता तर उपरणं टाकून पळाला असता. आचार्य पळाले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि दुःखी आवाजात, फक्त बाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "विनू, काय मिळवलंस? अक्षरं मी लिहवून घेतली, बरं. पण म्हणून आश्रम खोटा ठरतो का? आपला धर्म सगळ्यांच्या आधीचा आहे, हे मला आधीच ठाऊक आहे. पुरावा काय, तो लोकांसाठी लागतो."

बाईंनी ते जसंच्या तसं मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. मग त्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "जे आधीच ठाऊक असतं आणि काही झालं तरी बदलत नाही, त्याला सत्य म्हणत नाहीत, आचार्य. हट्ट म्हणतात. माझे वडीलही देवाला फुलं वाहत होते, पण वाहिलेल्या फुलाला त्यांनी कधी पुरावा म्हटलं नाही. तुम्ही त्यांच्याच हाताखाली शिकलात ना?"

"तुझ्या वडिलांचं नाव काढू नकोस!"

"का? पाच हजार वर्षांपूर्वीच्या ऋषीच्या नावावर तुम्ही वाटेल ते खपवता, आणि काल गेलेल्या माणसाचं नाव जड जातं?"

सांगलीची मंडळी घड्याळं बघू लागली. गर्दीचे दोन तट पडले. "बाई शिकलेली, म्हणून देवाला नावं ठेवते," अशी कुजबुज उठली. खोटं उघडं पडलं म्हणून ते लगेच मरत नाही, ज्याला ते हवं असतं तो त्याला पदराखाली घेतो. आणि ज्याला सर्वांत जास्त हवं होतं तो माणूस, करगोट्याच्या किल्लीवर हात ठेवून, आपल्या बोटाकडं बघत उभा होता.

राहीबाई तारेपाशी आली होती. "पाटील, तुमी मोटं मानूस. एक इचारू? तुमचा आजा दुष्काळात आला, ह्या टेकडीखाली आडवा पडला. तोंडाला फेस. तवा त्येच्या तोंडात पानी कुनी घातलं? माज्या आजेसासूनं. ह्याच टाक्यातलं. त्यो मरायला टेकल्याला, त्येनं जात इचारली न्हाई, आन् तिनं बी सांगितली न्हाई. आमच्या घरात ही गोस्ट सांगत्यात. तुमच्या घरात न्हाईत सांगत का?"

हंबीररावांचा चेहरा तांबडालाल झाला. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस राहीबाईच्या अंगावर धावून जाणार. ती गोष्ट त्यांनाही ठाऊक होती. बाप मरताना दार लावून घेऊन एकदा बोलला होता, आणि कुणाला सांगू नकोस म्हणाला होता.

"पाटील," आचार्य घाईनं म्हणाले, "तुमचं कुळ पाच हजार वर्षांचं..."

"गप बसा!" हंबीरराव म्हणाले. "माजा आजा मानदेशातनं आला. चालत आला. तान्हेला आला." त्यांनी किल्ली काढली आणि स्वतः कुलूप उघडलं. फाटक नवं होतं, कुरकुरलंसुद्धा नाही. ते बाजूला सरकून उभे राहिले, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता. राहीबाईनं घागर आणलेलीच होती. ती आत आली, दोर सोडला, आणि जमलेल्या साऱ्या प्रतिष्ठितांसमोर पाणी शेंदून, घागर डोक्यावर घेऊन, नातवाकडं चालू लागली.

गोष्ट इथं संपली असती तर आचार्यांना माफ करून टाकलं असतं. पण आषाढात मंडळाचा वार्षिक अंक निघाला. त्यात कातळवाडीच्या देवलिपीवर आचार्यांचा लेख, सोबत उमटलेल्या अक्षरांचा फोटो. रुईबद्दल एक शब्द नाही. खाचांबद्दल तर नाहीच, फोटोच असा कापलेला की खाचा दिसू नयेत. आणि तो लेख दाखवून वाळव्याकडच्या एका गावात दुसऱ्या टाक्याला दुसरं फाटक लागलं.

तेव्हा विनोदिनीबाई सांगलीला मंडळाच्या जाहीर सभेत गेल्या. बरोबर जोतिबा आणि राहीबाई. व्यासपीठावर आचार्य, टेबलावर फुलदाणी, श्रोते वकील आणि डॉक्टर. बाईंनी सगळं सांगितलं. काडीनं पाटीवर लिहून, राख टाकून दाखवलं. श्रोत्यांपैकी बरेच जण खाली बघत राहिले. त्यांना पटलं होतं. पटलेलं बोलून दाखवायचं धाडस तेवढं नव्हतं.

वाचकहो, या लोकांसारखे खाली बघू नका. कुणी तुम्हाला तुमचे पूर्वज देवासारखे होते असं सांगितलं तर खूश व्हायच्या आधी विचारा, कशावरून? आणि हे मान्य केल्यावर कुणाच्या तोंडचा घास, कुणाच्या घागरीतलं पाणी जाणार आहे? पुराव्याच्या आधीच निकाल लागलेला असेल तर तो इतिहास नव्हे, ती दरोड्याची तयारी आहे. देव माना, न माना. पण देवाच्या नावानं खोटी साक्ष देणाऱ्याला पंडित म्हणू नका.

इकडं सभेत अध्यक्षांच्या वतीनं कुणीतरी उठून सांगितलं की वेळ संपली आहे, प्रश्नोत्तरं पुढील वर्षी. आचार्य उपरणं गोळा करून उठले. तेव्हा मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली राहीबाई मधल्या वाटेनं सरळ पुढं आली, व्यासपीठासमोर थांबली आणि आचार्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाली:

"आवं, आमच्या गावचं फाटक उघडलं. पर तुमचा कागद अजून गावोगाव हिंडतोय. तिकडं वाळव्याकडं कुनाची तरी सून बाळंतीण आसंल, तिला कोन सांगनार ह्ये खोटं हाय म्हनून? तुमी लिवलं, तुमीच पुसायचं. कवा पुसता, त्ये सांगा. आत्ता, हितं, समद्यांच्या म्होरं सांगा. बोला की, आता का गप?"